रजिस्टरातल्या सहा भेटी आणि वस्तीचा उंबरठा

दवाखान्यात बाळंतपण होऊन बाई घरी आली की गावच्या आशा स्वयंसेविकेने तिच्या घरी सहा वेळा जायचे असते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. बाळाचे वजन करायचे, अंग तापले आहे की गार पडले आहे ते पाहायचे, बाळ नीट दूध ओढते का, बेंबी कोरडी आहे का, आईला ताप किंवा जास्त रक्तस्राव आहे का, हे सगळे तपासून अर्ज भरायचा. सहाही भेटी पूर्ण झाल्या की तिला अडीचशे रुपये मिळतात. २०११ पासून ही योजना देशभर चालू आहे. शासकीय भाषेत तिला एचबीएनसी म्हणतात. आशाताईंच्या तोंडी हाच शब्द आहे, म्हणून मीही तोच वापरते.

योजना चांगली आहे, हे आधीच सांगते. तिचे मूळ आपल्या महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती, ती संख्या तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आली. डॉक्टर नाही, मोठी यंत्रसामग्री नाही. शिकवलेली बाई, वजनकाटा, थर्मामीटर, काही औषधे आणि घरात जाऊन बाळ हातात घेणे, एवढ्यावर हे घडले. घरात जाऊन बाळ हातात घेणे हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढचे सगळे त्यांच्याबद्दलच आहे.

मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेते. आमच्या वस्तीतून या विषयाला गेलेली मी पहिलीच. डॉक्टर होणार का, असे शेजारी अजून विचारतात. नाही म्हटले की मग एवढे शिकतेस कशाला, हा पुढचा प्रश्न ठरलेला. आमच्याकडे शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका आरोग्य कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचा आराखडा करावा लागतो. म्हणजे हा कार्यक्रम चालतो की नाही हे ठरवायचे असेल तर कोणते प्रश्न विचारायचे, कोणाला, किती जणींना, तुलना कोणाशी करायची, हे सगळे आधी कागदावर बसवायचे आणि दोन-तीन गावांत जाऊन त्याची छोटी चाचणी घ्यायची. मी एचबीएनसी निवडली. चाचणीसाठी मराठवाड्यातल्या एका तालुक्यातली तीन गावे घेतली. त्यांची नावे देत नाही, त्याचे कारण पुढे येईल.

माझी पहिली प्रश्नावली चाळीस प्रश्नांची होती आणि मला तिचा फार अभिमान होता. आईचे वय, शिक्षण, बाळंतपण कुठे झाले, आशाताई घरी आल्या होत्या का, किती वेळा, कोणत्या दिवशी, त्यांनी काय सांगितले. वर्गात शिकवल्याप्रमाणे सगळे होते. पहिल्या गावात घरे माहीत नव्हती म्हणून आशाताईलाच बरोबर घेतले. तीही बिचारी दिवसभर उन्हात माझ्यासोबत फिरली. गावातल्या गल्लीत पाच घरे झाली, मग ओढ्याच्या पलीकडे आपल्या वस्तीत चार घरे झाली. सगळीकडे एकच उत्तर. आल्या होत्या. सहा वेळा आल्या होत्या. कार्ड काढून दाखवले, कार्डावर सहा तारखा, सहा वजने. शंभर टक्के! एवढे चांगले उत्तर आले की शिकलेल्या माणसाने घाबरायला हवे, पण तेव्हा मला आनंदच झाला.

संध्याकाळी आशाताई आपल्या घरी गेली आणि मी एसटीची वाट बघत वस्तीच्या तोंडाशी बसले. सकाळपासून माझ्याकडे बघणारी एक म्हातारी जवळ आली. त्या चार घरांतल्या एका बाळंतिणीची ती सासू. कोणाची, कुठली, बाप काय करतो, हे सगळे विचारून झाल्यावर तिने मला सुनावले, "तू इचारलं, आली व्हती का. आली व्हतीच की. घरात आली व्हती का, ते कुठं इचारलं?"

चाळीस प्रश्नांत तो एक प्रश्न नव्हता.

म्हातारीने मला परत घरात नेले. सून बोलती झाली. आशाताई यायच्या. दारात उभ्या राहायच्या, कधी ओट्याच्या कडेला. बाळ कसे आहे, दूध पिते ना, असे विचारायच्या, कार्ड मागून घ्यायच्या, त्यावर लिहायच्या आणि जायच्या. बसा म्हटले तर घाई आहे म्हणायच्या. पाणी कधी घेतले नाही. वजनकाटा पिशवीत असायचा, पण बाळ काट्याच्या झोळीत घातलेले या माउलीने दवाखाना सोडल्यानंतर एकदाही पाहिले नाही. मग कार्डावरची वजने? मी पुन्हा नीट पाहिले. प्रत्येक भेटीला वजन ठरावीक मापाने वाढलेले, पायऱ्या चढावे तसे. खऱ्या बाळाचे वजन असे वाढत नाही. पहिल्या आठवड्यात तर ते थोडे उतरते, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवले होते. आणि हे बाळ तिसऱ्या आठवड्यात अंगावर पिईनासे झाले होते, हातपाय गार पडले होते. घरच्यांनी रात्री भाड्याची जीप करून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. नऊ दिवस तिथे ठेवले. बाळ वाचले. कार्डावर एकविसाव्या दिवसापुढे लिहिले होते, बाळ ठीक. त्या दिवशी बाळ गावातच नव्हते!

आता इथे लगेच त्या आशाताईवर तुटून पडणे सोपे आहे. मलाही तेव्हा तसेच वाटले. पण आराखडा करणाऱ्याला संताप आवरून एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. हे मला कसे सिद्ध करता येईल? आणि हे एका बाईचे वागणे आहे की व्यवस्थेचे?

मी प्रश्न बदलले. आशाताई आल्या होत्या का, हा प्रश्न ठेवला, पण त्याच्याखाली नवे प्रश्न घातले. घराच्या आत आल्या का? कुठपर्यंत? बसल्या का, कशावर? बाळ त्यांनी स्वतः उचलून घेतले का? काट्यात कोणी घातले? पाणी किंवा चहा घेतला का? बाळाला हात लावला असेल तर तो कुठे, कशासाठी? आणि प्रवर्ग. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, इतर. वस्ती गावात की गावाबाहेर, हाही रकाना.

हा आराखडा घेऊन मी मार्गदर्शक प्राध्यापकांकडे गेले आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली. सर माणूस म्हणून चांगले. पण जातीचा रकाना पाहताच त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. हा विषय नाजूक आहे, गावात वाद होईल, उत्पन्न आणि शिक्षण घे, त्यात सगळे येते, असे त्यांचे म्हणणे. त्यात सगळे येत नाही, सर, असे मी म्हटले. पण म्हणणे पुरत नाही, दाखवावे लागते. मग ग्रंथालयात बसून दाखवायचे साहित्य गोळा केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून चालू आहे आणि ती कुटुंबाची जात-जमात विचारते. केंद्र सरकारची पाहणी विचारते तेव्हा वाद होत नाही, विद्यार्थिनीने विचारले की होतो, हे कसे? गर्भवतीची नोंदणी होते तेव्हाही तिचा प्रवर्ग लिहितात. म्हणजे माहिती खाली आहे. वर जाताना तिची बेरीज होते आणि बेरजेत वस्ती नाहीशी होते.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतल्या ५३१ गावांत शालेय पोषण आहार आणि रेशन दुकानांची पाहणी केली. ती २००५ साली छापून आली. त्यांनी फक्त जेवण मिळते का, असे विचारले नाही. जेवण कोणत्या गल्लीत शिजते, स्वयंपाकीण कोण, पंगत वेगळी बसते का, दुकानदार धान्य हातात देतो की वरून टाकतो, असे विचारले. ज्याला आपण अनुभव म्हणतो तो त्यांनी मोजता येईल अशा तुकड्यांत मांडला. २००६ साली ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेवर जे पुस्तक आले त्यात ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी आहे. सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला नकार देत होते, असे त्यात आढळले. पुढे २०१० मध्ये डॉ. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांच्या बाबतीत हेच आणखी बारकाईने केले. तपासताना स्पर्श केला का, औषध हातात दिले की लांबून, किती वेळ दिला, कुठे थांबवले. स्पर्श ही आरोग्य सेवेत मोजायची गोष्ट आहे, हे मला या अभ्यासातून कळले. ही पाने घेऊन गेले तेव्हा सरांनी रकाना ठेवायला मान्यता दिली.

पुढचा आक्षेप मात्र सरांनी असा काढला की मला रात्रभर झोप आली नाही, कारण तो बरोबर होता. ते म्हणाले, "ती आशा कोणाच्याच घरात जात नसेल तर? तिच्याकडे हजार लोकसंख्या आहे, डोक्यावर वीस कामे आहेत. ती सगळ्यांच्याच दारातून परत फिरत असेल, तर तू घाईला अस्पृश्यता म्हणशील." म्हणून तेच प्रश्न, त्याच शब्दांत, गावातल्या गल्लीतही विचारायचे ठरले. तुलना नसेल तर आरोप उरतो, पुरावा उरत नाही. चाचणीत गल्लीतलीही एक बाई भेटली, जिच्या दारातूनच आशाताई परत गेली होती. मी ती नोंद तशीच ठेवली. मात्र त्याच गल्लीत बाकीच्या घरांत आशाताई माजघरापर्यंत गेली होती, चहा झाला होता, बाळ मांडीवर घेऊन कौतुक झाले होते. तीन गावांत मिळून अवघ्या सव्वीस बायांशी मी बोलले. एवढ्यावरून टक्केवारी काढायची नसते आणि मी काढलेली नाही. चाचणीचा उपयोग प्रश्न तपासायला असतो.

मग प्रश्न आला संख्येचा. हा भाग रुक्ष वाटेल, पण आपल्या शिकलेल्या मुलांनी तो समजून घ्यावा, कारण आपली फसवणूक शब्दांपेक्षा टक्केवारीत जास्त होते. समजा एका तालुक्यात दोनशे बाळंतिणी चिठ्ठ्या टाकून निवडल्या. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे. म्हणजे दोनशेत आपल्या सुमारे चोवीस बाया येतील. समजा त्यातल्या दहा जणींच्या घरात आशाताई गेलीच नाही आणि बाकी सगळ्यांच्या घरी गेली. अहवाल काय सांगेल? दोनशेपैकी एकशे नव्वद, ९५ टक्के यश! अधिकारी खूश, मंत्री खूश. आणि आपल्या वस्तीत तो आकडा असेल चोवीसपैकी चौदा, म्हणजे ५८ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. छापला जातो तो पहिला. कोणी दुसरा काढलाच, तर 'नमुना फार लहान आहे, निष्कर्ष काढता येत नाही' असे तज्ज्ञ म्हणतील, आणि संख्याशास्त्राच्या नियमाने ते खोटेही नसेल. आधी नमुन्यात आपल्याला कमी घ्यायचे, मग कमी आहेत म्हणून बाजूला ठेवायचे!

यावर उपाय अवघड नाही, तो संख्याशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आहे. वस्तीतल्या शंभर आणि इतर शंभर अशा वेगळ्या चिठ्ठ्या टाकायच्या. दोन्हींचे आकडे वेगवेगळे मांडायचे. संपूर्ण तालुक्याचा आकडा सांगायचा असेल तेव्हा ज्याचा वाटा जितका तितके वजन देऊन हिशेब करायचा. यात खर्च फारसा वाढत नाही. आराखडा करताना कोणाच्या तरी डोक्यात वस्ती असावी लागते, इतकेच.

दुसऱ्या गावातल्या आशाताईने माझा आराखडा पुन्हा उलटा केला. ही ताई आपल्या समाजाची. आशाताई कुठल्याही जातीची असो, घरात गेली नाही तर तीच दोषी, असे माझी प्रश्नावली धरून चालली होती. तिने मला आपल्या घरी बसवले आणि सांगितले की वरच्या आळीत ती गेली की कोणी तिला हाकलत नाही. शिवी देत नाही. बाळाला हात लावू नको, असेही म्हणत नाही. "बाळ झोपलंय म्हणतात, ताई. सहा वेळा गेले, सहाही वेळा बाळ झोपलेलंच. मग सासूबाई म्हणतात, काटा दे, आम्हीच वजन करून सांगतो. आत नेतात अन् आकडा बाहेर येऊन सांगतात. मी तोच लिहिते. नाही लिहिला तर अडीचशे रुपये जातात, अन् वरून मीच भेट दिली नाही म्हणून बोलणी खाते." तिच्या कार्डावरची वजनेही पायऱ्यांसारखी होती.

म्हणजे त्या वरच्या आळीतल्या बाळाचेही खरे वजन कोणालाच माहीत नाही. जात पाळणाऱ्याच्या घरातले मूलही जातीमुळे तपासणीवाचून राहते, हे ती सासू समजून घेणार नाही. पण आरोग्य खात्याने तरी समजून घ्यावे. आणि त्या ताईला मी कोणत्या तोंडाने बोगस नोंदीबद्दल दोष देऊ? तिला पगार नाही, मोबदला आहे. तोही पूर्ण भरलेल्या अर्जावर. 'बाळ हातात दिले नाही' असे लिहायला त्या अर्जात जागाच नाही. खरे लिहिणाऱ्याचे पैसे बुडतील अशी रचना केली तर रजिस्टरात खरे कसे उतरेल? त्या दिवसानंतर मी आशाताईंसाठी वेगळी प्रश्नावली केली. तुम्हाला घरात बोलावले का? बाळ तुमच्या हातात दिले का? वजन तुम्ही स्वतः वाचले का? पहिल्या गावातल्या ताईकडेही परत जाऊन हे विचारले. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मी वस्तीत आत गेले तर माझ्या घरात काय होईल ते तुम्हाला काय माहीत, मॅडम." मी ते उत्तर लिहून घेतले. त्याने ते बाळ गार पडले ही गोष्ट बदलत नाही.

उत्तर कोणाला दिले जाते, हाही एक प्रश्न होता. वस्तीत जयभीम घातला की दारे उघडत होती. गल्लीत पहिला प्रश्न येई, आडनाव काय? आडनाव सांगितले की काही घरांत बोलणे लगेच आखूड होई. म्हणून आराखड्यात असे सुचवले की विचारणाऱ्या दोन मुली वेगवेगळ्या समाजांतल्या असाव्यात, काही घरे आपसात बदलून घ्यावीत आणि उत्तरांत किती फरक पडतो ते तपासावे. आशाताई किंवा गटप्रवर्तक सोबत असता कामा नये, हे तर पहिल्याच दिवशी कळले होते. आमच्या नैतिकता समितीने विचारले की तू निघून जाशील, ती बाई गावातच राहील. चार बाळंतिणी असलेल्या वस्तीत कोण बोलले हे ओळखायला किती वेळ लागेल? हा प्रश्न मला सुचायला हवा होता, सुचला नव्हता. म्हणून गावनिहाय आकडे छापायचेच नाहीत, तालुक्याचे एकत्र छापायचे असे ठरले. गावांची नावे इथे न देण्याचे कारण तेच.

हे सगळे लिहिताना मला सारखी १८८२ सालची आठवण होत होती. त्या वर्षी महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी शाळा सगळ्यांना खुल्या होत्या, असे सरकार सांगत होते. जोतीरावांनी विचारले ते असे की, कराचा पैसा कोणाच्या घामातून येतो आणि शिक्षण कोणाच्या मुलांना मिळते? महार-मांगांची मुले वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू दिली जात नाहीत, म्हणून ती शाळेतून प्रत्यक्षात बाहेरच राहतात, हे त्यांनी आयोगाला लेखी सांगितले. योजना आहे पण उंबरठ्याच्या अलीकडे आहे, हे सांगणारे ते निवेदन म्हणजे एका सरकारी कार्यक्रमाचे मूल्यमापनच होते. आमच्या अभ्यासक्रमात मेक्सिकोच्या १९९७ च्या 'प्रोग्रेसा' योजनेचे मूल्यमापन शिकवतात, आणि ते शिकण्यासारखे आहेच. जोतीरावांचे निवेदन मात्र कोणत्याच यादीत नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर लेख लिहिला तेव्हा असाच मुळावर घाव घातला होता. जमिनीचा तुकडा किती एकरांचा आहे एवढ्यावरून शेती किफायतशीर ठरत नाही, त्यावर भांडवल आणि श्रम किती लागतात ते पाहा, असे त्यांनी मांडले. माप चुकीचे असेल तर त्यावरून काढलेला उपायही चुकतो. किती भेटी झाल्या, हे माप तसेच चुकीचे आहे.

बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, हे खरे आहे. महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के. यात जननी सुरक्षा योजनेचा आणि आशाताईंच्या पायपिटीचा वाटा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच पाहणीत पाच वर्षांखालील खुरटलेली मुले २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के आहेत. दवाखान्याच्या दारापर्यंत आपण पोहोचलो. दवाखान्यातून घरी आल्यावर घराच्या दारातून आत कोण येते, हे अजून कोणी मोजत नाही. जननी सुरक्षा योजनेचे जे मूल्यमापन २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आले त्यातही अतिगरीब आणि कमी शिकलेल्या बायांपर्यंतच पैसे सर्वाधिक पोहोचले असे सगळीकडे दिसत नाही, असे नोंदवले होते.

आराखड्याच्या शेवटी मला शिफारशी लिहायच्या होत्या. मी तीनच लिहिल्या. एचबीएनसीच्या अर्जात 'बाळ कोणी उचलले, वजन कोणी वाचले' ही एक ओळ वाढवा आणि 'बाळ हातात दिले नाही' असे लिहिणाऱ्या आशाताईचा मोबदला कापू नका. मासिक अहवालात प्रवर्गनिहाय आणि वस्तीनिहाय बेरीज वर पाठवा. आणि हजारी एक आशा या नियमाऐवजी वस्तीनिहाय निवड करा. छत्तीसगडमध्ये २००२ साली मितानीन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा गावाऐवजी पाडा धरून बाई निवडली गेली; आपल्याकडे आदिवासी भागात पाड्यासाठी वेगळी आशा देता येते, तर ओढ्यापलीकडच्या वस्तीला का नाही? सरांनी तिसऱ्या शिफारशीवर शेरा मारला की यामुळे जातवार आरोग्यसेविका होतील, दुरावा पक्का होईल. ही भीती मला पूर्ण खोटी वाटत नाही. वस्तीची आशा वस्तीपुरती राहिली तर गावाने आपला बहिष्कार सरकारी खर्चाने चालवला असे होईल. पण आज तिसऱ्या आठवड्यात गार पडणाऱ्या बाळाला समतेची वाट बघायला वेळ नसतो, असे मी उत्तर लिहिले आणि शिफारस तशीच ठेवली.

आराखडा मंजूर झाला, गुण मिळाले. एक प्रत तालुक्याच्या कार्यालयात दिली, पोच घेतली. पुढे काही कळले नाही. विद्यार्थिनीच्या आराखड्यावर शासन धोरण बदलत नाही, एवढे मलाही समजते. पण महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झालेला आहे, जनसुनवाया झालेल्या आहेत, गावच्या लोकांनी उपकेंद्राला लाल शेरे दिलेले आहेत. ग्राम आरोग्य समिती प्रत्येक गावात कागदावर तरी आहे, आणि तिच्या बैठकीत आपल्या माणसाला बसायचा अधिकार आहे. तेव्हा पुढच्या बैठकीला जाताना वस्तीत गेल्या सहा महिन्यांत बाळंत झालेल्या लेकी-सुनांची यादी करून न्यावी, त्यांची कार्डे सोबत घ्यावीत आणि आशाताईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता सिस्टरसमोर विचारावे. बाळ कोणी उचलले? काटा कुठे टांगला? वजने पायऱ्यांसारखी का आहेत? आणि वरच्या आळीतली बाळे तेवढी नेमकी भेटीच्या वेळीच कशी झोपतात?